व्हिनियरला नावं ठेवणाऱ्या मित्रास

प्रिय सच्या,

परवा फोनवर म्हणालास ना, की एवढं महागनीचं लाकूड घेतोस आणि वरून व्हिनियरचा पातळ पापुद्रा कसला चिकटवतोस, व्हिनियर म्हणजे डुप्लिकेट माल, अस्सल ते सागवानच. तेव्हा गॅरेजमध्ये मशीन चालू होतं म्हणून गप्प बसलो, आता ऐक.

मी करतोय ते कार्ड टेबल, पत्ते खेळायचं. अमेरिका स्वतंत्र झाल्यानंतरची, साधारण 1790 ते 1815 ची फेडरल स्टाईल. अर्धगोल टॉप, एकावर एक दुमडलेली दोन पानं, एरवी भिंतीला लावून ठेवायचं आणि मंडळी जमली की मागचा एक पाय बाहेर फिरवून वरचं पान त्यावर उघडायचं. बॉस्टनचे जॉन आणि थॉमस सीमूर, बापलेक, मूळचे इंग्लंडमधल्या डेव्हनचे, हे त्यातले उस्ताद. त्यांचं असंच एक टेबल इथल्याच, न्यू जर्सीतल्या एका बाईंनी जुन्या सामानाच्या सेलमधून 25 डॉलरला उचललेलं, ते 1998 ला लिलावात 5,41,500 डॉलरला गेलं. बायकोला हे सांगितल्यापासून ती लाकडाची बिलं विचारत नाही.

तर व्हिनियर. टेबलाची पुढची पट्टी गोलाईत असते. ती एकाच जाड फळीतून कापलीस तर लाकडाच्या रेषा मध्येच तुटतात आणि पुढेमागे तिथूनच तडा जातो, हे तुला मी सांगायला नको. म्हणून ते लोक पाइनचे छोटे तुकडे विटांसारखे रचायचे, खालचा सांधा वरच्या तुकड्याच्या मध्यावर येईल असे, आणि सगळं सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या गोंदाने, चिकटवून मग गोल तासायचे. हे जागचं हलत नाही पण दिसतं भयाण, म्हणून त्यावर महागनीचा पातळ पापुद्रा. म्हणजे झाकलंय हे खरं, पण जे झाकलंय त्यालाच जास्त मेहनत आहे लेका! शिवाय झाडाला फांदी फुटते तिथलं ज्वाळेसारख्या नक्षीचं लाकूड सलग जाड वापरलं तर वाळताना चिरतं, ते पातळच कापावं लागतं. आणि त्यांचं व्हिनियर करवतीने कापलेलं, दीड-दोन मिलिमीटरचं, तुमच्या प्लायवरचं नाही, की पॉलिशपेपर जरा जोरात मारला की आतलं दर्शन.

चिकटवायलाही सरसच. साठेक डिग्रीला पातळ ठेवायचा, दोन्हीकडे फासायचा, आणि एक हातोडी असते पण तिने ठोकायचं नाही, तिच्या सरळ धारेने मधून कडेकडे सरस रेटत न्यायचा, गार होता होता पकडतो, क्लॅम्पची भानगड नाही. उद्या कुणाला दुरुस्ती करायची झाली तर ऊब आणि ओल दिली की सुटतो, तुझ्या पांढऱ्या ग्लूचं सुटतं का बघ.

पण खरी मजा जडावकामात, म्हणजे लाकडात खाच करून त्यात दुसऱ्या रंगाचं लाकूड बसवण्यात. पायांवर वरून खाली लहान होत जाणारी फुलांची माळ असते, एकेका फुलाला तीन पाकळ्या, होली नावाच्या पांढऱ्याफटक लाकडाच्या. पाकळीवरची सावली रंगवलेली नसते! लोखंडी तव्यात बारीक वाळू तापवायची आणि चिमट्याने पाकळीची कड त्यात खुपसायची. तळाची वाळू जास्त तापलेली, वरची कमी, त्यामुळे कडेला गडद आणि आत फिकट असं आपोआप होत जातं. वाळू फार तापली तर कड थेट कोळसा, आणि तापून पाकळी आखडते म्हणून लगेच जरासं ओलं बोट फिरवायचं, नाहीतर खाचेत सैल बसते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्या काळचं फर्निचर मांडलंय, तिथे मी वाकून वाकून हेच बघत असतो आणि गार्ड माझ्याकडे बघत असतो.

आता कामाचं. पॉलिश चपड्याचंच (शेलॅकचंच) करणार, आपल्याकडच्याच लाखेचा चपडा मागवलाय. तुझ्याकडचे पॉलिशवाले चाचा पॉलिश फिरवायच्या कापडी बोळ्याला तेल किती लावतात आणि महागनीची छिद्रं कशाने भरतात एवढं विचार. खडूची पावडर नको, ती पुढे पांढरी दिसायला लागते. व्हॉइस मेसेज चालेल, पण चाचांच्याच आवाजात पाठव, तू मध्ये बोलू नकोस.

तुझा,
अव्या