समुपदेशकाच्या दाराबाहेरची वही

माननीय संपादक,

सदाशिव पेठेत मी परगावच्या विद्यार्थिनींना खोल्या भाड्याने देते. गेल्या पावसाळ्यात मणिपूरहून आलेल्या एका मुलीचा डबा सलग तीन दिवस दाराबाहेर तसाच पडून होता. विचारले की ती पोटदुखीचे कारण सांगे. डॉक्टरांना मात्र पोटात काहीच सापडले नाही. अखेर ती मोकळी झाली ती शेजारच्या खोलीतल्या, तिच्याच भागातल्या मैत्रिणीपाशी, आणि तिनेच तिला महाविद्यालयाच्या समुपदेशकांकडे नेले. तिथे सगळ्यांच्या देखत वहीत नाव आणि येण्याचे कारण लिहायला सांगितल्यावर ती तशीच परत आली.

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत पात्र समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले आहे आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने गोपनीयतेचा हक्कही दिला आहे. परंतु पुण्यात ईशान्येकडून, काश्मीरमधून, आफ्रिकेतून आलेली मुले आधी आपल्या भाषेतल्या मित्राकडेच जातात, हे ओळखून अशा काही मुलांना प्राथमिक प्रशिक्षण द्यायला नको का? ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते, तो क्रमांक मी जिन्यात लावला आहे. महाविद्यालयांनी तो वसतिगृहांत लावावा, आणि ती वही आधी बंद करावी, ही कळकळीची विनंती.

— एक घरमालकीण, सदाशिव पेठ, पुणे