काजवे पाहा, पण अंधारात

महोदय,
मृगाच्या आधीचे दोन-तीन आठवडे नाशिकहून घोटीमार्गे भंडारदऱ्याकडे गाड्यांची रीघ लागते. काजवे पाहायला जरूर जावे, पण काजव्याचे लुकलुकणे म्हणजे नराने मादीला घातलेली साद असते. हेडलाइट किंवा मोबाइलचा टॉर्च पडला की ती साद विरते, मीलन हुकते. माद्या बरेचदा गवतात, खोडावर बसलेल्या असतात. फोटोसाठी रस्ता सोडून आत शिरणाऱ्यांच्या बुटांखाली त्या चिरडतात. गेल्या वर्षी घाटघर रस्त्यावर एका सादड्याखाली स्पीकर लावून नाच चालला होता. वर अख्खे झाड लखलखत होते, कुणाची मान वर होईना!

हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. गाडी गावात ठेवा, गावातलाच वाटाड्या घ्या, टॉर्चला लाल कागद गुंडाळा आणि तिथल्याच घरी पैसे देऊन नागलीची भाकरी खा. त्या दिवसांत बायका लांबून हंड्याने पाणी आणतात, तेव्हा ते जपून वापरा. वन विभागाने रात्रीच्या गाड्यांची संख्या ठरवावी. शेंडी गावाच्या पुढे खासगी वाहने थांबवून एसटीच्या फेऱ्या सोडता आल्या तर फारच उत्तम.

– एक निवृत्त शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक