देव्हाऱ्याखालची पट्टी

चि. अमोल यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझा फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही. तू म्हणालास, "आण्णा, तुम्ही माळ घातली आणि एका दिवसात सिगारेट सोडली. मला गोळ्या लागणार असतील तर माझ्यातच काहीतरी कमी आहे." डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी तू तीन आठवडे पाकिटात घडी घालून ठेवली आहेस, हेही तेव्हाच कळलं. मी नुसतं "हं, हं" करत राहिलो. खरं सांगायला जीभ उचलली नाही, म्हणून हे पत्र.

अमोल, मी नुसत्या माळेने सिगारेट सोडली नाही. मीसुद्धा गोळ्या घेतल्या. तुझ्या चिठ्ठीवर जिचं नाव आहे तीच गोळी, व्हॅरेनिक्लिन. २४ आठवडे घेतली. तुझ्या आईशिवाय हे आजवर कुणाला माहीत नाही.

गावातल्या सप्ताहात महाराजांनी कीर्तनात माझं उदाहरण दिलं, ते तुला आठवत असेल. "३० वर्षांचं व्यसन पांडुरंगाने एका एकादशीला सोडवलं," असं ते म्हणाले आणि सगळ्या मांडवाने माझ्याकडे वळून बघितलं. तू माझ्या शेजारी बसला होतास. मी मान खाली घालून गप्प राहिलो. लोकांना तो विनय वाटला. त्या गप्प बसण्याचा हिशेब तू आज चुकता करतो आहेस, हे काल कळलं आणि पोटात तुटलं.

आता पहिल्यापासून सांगतो.

तू शाळेत होतास तेव्हाही मी दोन-तीनदा सोडून बघितली होती. पण खरा मोठा प्रयत्न २०१६ सालचा. आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि नामदेव पायरीला हात लावून शपथ घेतली. चार महिने निभावलं. मग एका रात्री वस्तीची गाडी घेऊन गेलो होतो. थंडी होती, कंडक्टर जेवून झोपला होता, देवळासमोर गाडी लावून मी एकटाच बसलो होतो. माळ गळ्यातून काढली, घडी घालून युनिफॉर्मच्या खिशात ठेवली, आणि शिलगावली. ती सिगारेट ओढताना मला रडू आलं होतं. पुढे सहा वर्षं मी माळेला हात लावला नाही. देवापुढे खोटा पडलेला माणूस आहे मी, असंच धरून चाललो. तेव्हा एका डॉक्टरांना विचारलंही होतं. ते म्हणाले, "मन घट्ट करा, दुसरा इलाज नाही." माझं मन घट्ट नाही, हे मला तेव्हा पक्कंच झालं.

२०२२ च्या दिवाळीनंतर एका स्टॉपवर एका म्हातारीचं ज्वारीचं पोतं गाडीत चढवून दिलं आणि मला खोकल्याची अशी उबळ आली की दहा मिनिटं गाडी जागची हलली नाही. पॅसेंजर खिडकीतून बघत होते. ती म्हातारी खाली उतरली आणि तिने आपल्या बाटलीतलं पाणी मला पाजलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. मी सरळ सिव्हिलमध्ये गेलो. तिथे तंबाखूमुक्ती केंद्राची एक खोली आहे, ती तोवर मी पाटीवरच वाचली होती.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता?" मी म्हटलं, तोंड धुवायच्या आधी. त्यांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. पाच मिनिटांच्या आत ज्याला ओढावी लागते, त्याचं शरीर निकोटिनला किती बांधलं गेलंय हे त्या एका उत्तरावरून कळतं, म्हणाल्या. मग एका छोट्या यंत्रात फुंकर मारायला लावली. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात त्याने. माझा आकडा १९ आला. न ओढणाऱ्याचा दोन-तीन असतो.

मी कोण, काय करतो हे विचारून घेतल्यावर त्यांनी मला समजेल असं सांगितलं. धूर आत घेतल्यापासून दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. तिथे त्याच्यासाठी जणू राखीव सीटा आहेत. त्या भरल्या की बरं वाटतं, रिकाम्या झाल्या की माणूस कासावीस होतो. वर्षानुवर्षं ओढलं की अशा सीटा वाढत जातात. ही गोळी त्याच सीटांवर जाऊन बसते. ती बसल्याने थोडंफार समाधान मिळतं, त्यामुळे तलफ मवाळ होते, आणि वरून सिगारेट ओढली तरी निकोटिनला बसायला जागाच नसते, त्यामुळे मजा येत नाही. मी ३० वर्षं गाडी चालवली आहे, भरलेल्या गाडीत चढणाऱ्याचं काय होतं ते मला सांगावं लागलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की देवळासमोरच्या त्या रात्री माझी भक्ती कमी पडली नव्हती. शरीर अडलेलं होतं आणि मी त्याला नुसती शपथ घालत होतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती तू नीट ऐक. कुठल्याही मदतीशिवाय सोडायला निघालेल्या शंभर जणांतले तीन ते पाच जणच वर्षभर टिकतात. ही गोळी घेतली की टिकण्याची शक्यता दुपटीहून अधिक होते, आणि सोबत कुणी समजावणारं असेल तर आणखी वाढते. तरीही सगळ्यांची सुटत नाही, हेही त्यांनी लपवलं नाही. म्हणजे तुझी दोनदा सुटून परत लागली, ती शंभरातल्या ९५ जणांची लागतेच. यात तुझं काही कमी नाही, बाळा.

२३ जानेवारी २०२३ ला मी सुरू केली. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक, मग चार दिवस तीच दोन वेळा, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात सिगारेट चालू ठेवायची असते, याचं मला नवल वाटलं होतं. सोडायची तारीख आठव्या ते चौदाव्या दिवसात धरायची. मी दहावा दिवस धरला, १ फेब्रुवारी. माघी एकादशी होती. चक्कर किंवा झोप येते का ते कळेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नका, असं मॅडमनी बजावलं होतं, म्हणून आठ दिवस रजा टाकली. तूही मोटारसायकलच्या बाबतीत हे पाळ.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मागच्या अंगणात बसून एक पेटवली. ओल्या पुठ्ठ्याचा धूर तोंडात यावा तसं वाटलं. दुसरा झुरका घेतला, तेच. अर्धी सिगारेट मी स्वतः तुळशीकट्ट्यामागच्या मातीत दाबून विझवली आणि हाताकडे बघत बसलो. अर्धी सिगारेट टाकून दिलेली मला आयुष्यात आठवत नव्हती. दहाव्या दिवशी पंढरपूरला गेलो, चंद्रभागेत आंघोळ केली आणि खिशात जपलेली जुनीच माळ पुन्हा गळ्यात घातली. माळेने मला खूप धीर दिला, ते मी आजही म्हणेन. पण या वेळी ती काढायची वेळ आली नाही, कारण पिशवीत गोळ्यांची पट्टी होती.

त्रास झाला. तो तुला आधी सांगतो, म्हणजे घाबरून मध्येच सोडणार नाहीस. मळमळ बऱ्याच जणांना होते. रजा संपल्यावर पहिल्याच पहाटे मी उपाशीपोटी चहाबरोबर गोळी घेतली आणि डेपोच्या भिंतीशी जाऊन ओकलो. नंतर तुझ्या आईने नियम केला: आधी भाकरी, मग गोळी, वर तांब्याभर पाणी. मळमळ निम्म्याने कमी झाली. दुसरं म्हणजे स्वप्नं. इतकी खरी स्वप्नं मला कधी पडली नव्हती. एका रात्री घाटात ब्रेक लागत नव्हता आणि मागच्या सीटवर तू लहान होऊन बसला होतास. घामाने भिजून उठलो. मॅडमनी रात्रीची गोळी झोपताना न घेता संध्याकाळच्या जेवणाबरोबर घ्यायला सांगितली, मग झोप सुधारली. तोंडाला चाळा म्हणून खिशात फुटाणे आणि लवंग ठेवायचो. तलफ आली की चार-पाच मिनिटं जाऊ द्यायची, ती ओसरते.

या गोळ्यांनी डोकं बिघडतं, माणूस जिवाचं बरं-वाईट करतो, असं तू नेटवर वाचलंस. मला तर मेडिकलवाल्यानेच चिठ्ठी बघून घाबरवलं होतं, आणि मी परत मॅडमकडे गेलो होतो. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गोळीवर तसा ठळक इशारा छापायला लावला होता, हे खरं आहे. पुढे ८,००० हून अधिक लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांना आधीपासून मानसिक आजार होते. त्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये आला. गोळी घेणाऱ्यांत तसे त्रास लक्षणीयरीत्या वाढलेले दिसले नाहीत, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो ठळक इशारा काढला गेला. तरी मन फार खिन्न झालं, विचित्र विचार येऊ लागले, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं. सूनबाईलाही हे सांगून ठेव. आपल्यातला बदल घरच्याला आधी दिसतो.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट. तू अडीच वर्षांचा असताना तापात तुला दोनदा झटके आले होते. मी वस्तीला होतो, आईने तुला शेजारच्यांच्या जीपमधून दवाखान्यात नेलं. पुढे कधी काही झालं नाही, म्हणून आम्ही तुझ्याजवळ बोललो नाही. पण झटक्यांचा इतिहास असेल तर ही गोळी देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो, आणि बुप्रोपिऑन नावाची जी दुसरी गोळी सिगारेट सोडायला देतात ती तर फिट्सच्या रुग्णाला देतच नाहीत. तेव्हा गोळी विकत घ्यायच्या आधी हे तुझ्या डॉक्टरांना सांग. मूत्रपिंडाचा काही त्रास असला तर डोस कमी करतात, तेही विचार. आणि शुक्रवारची तुमची ऑफिसची पार्टी. ही गोळी चालू असताना दारू नेहमीपेक्षा जास्त चढू शकते, केलेलं आठवत नाही असंही काहींचं झालंय. निदान ते तीन महिने ग्लासला हात लावू नकोस.

सातव्या आठवड्यात माझा पाय घसरला होता. एका जुन्या सहकाऱ्याच्या दहाव्याला गेलो होतो. नदीवर सगळे ओढत उभे होते, आणि मीही दोन ओढल्या. घरी येऊन पट्टी आईच्या हातात दिली, म्हटलं संपलं, आता काय उपयोग. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तीच मला सिव्हिलमध्ये घेऊन गेली. मॅडम म्हणाल्या, "दोन ओढल्या तर दोनच ओढल्या. गोळी बंद करू नका." फेरी अर्ध्यात पंक्चर झाली म्हणून कुणी गाडी तिथेच सोडून देत नाही. १२ आठवडे पुरे झाल्यावर त्यांनी आणखी १२ दिले. शेवटी पुन्हा फुंकर मारली, आकडा २ होता. तो कागद मी सेवापुस्तकाबरोबर जपून ठेवलाय.

पट्टी मी देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, उदबत्तीच्या पुड्यामागे लपवायचो. डेपोच्या विश्रांतीगृहात "गोळ्या खाऊन सोडतोय" म्हणून एकाची किती टिंगल झाली होती ते मी बघितलं होतं. साखरेची गोळी, बीपीची गोळी तीच माणसं सगळ्यांसमोर घेतात. मला तेव्हा हे बोलायचं धैर्य झालं नाही. गेल्या गणपतीत तू गच्चीवरून बडीशेप चघळत खाली आलास, तेव्हाही नाही झालं. उलट आईसमोर तुला म्हणालो, "मनावर घेतलं की सुटतं." ते शब्द मी परत घेतो. पुढच्या सप्ताहात महाराजांनाही भेटून सगळं सांगणार आहे.

मन फार खेचायला लागलं तर सरकारचा टोल फ्री नंबर आहे, १८००-११-२३५६. तंबाखू सोडवायला मदत करणारी माणसं असतात. मी दोनदा फोन केला होता. सिगारेटच्या जागी मावा किंवा तंबाखूची पुडी येऊ देऊ नकोस, आमच्यातले कितीतरी ड्रायव्हर तसेच फसले.

या पाकिटात माझी शेवटची पट्टी घातली आहे. रिकामी आहे, पण मागे नाव आणि तारीख दिसेल. ती पट्टी त्या चिठ्ठीच्या घडीत ठेव.

डॉक्टरांना झटक्यांचं सांगून झालं आणि तारीख ठरली की कळव. पहिले आठ दिवस मी तिकडे येऊन राहतो. आई मेतकूट आणि फुटाणे बांधून देणारच आहे. आपल्या डेपोची पहाटेची स्वारगेट गाडी अजून साडेपाचलाच सुटते, दहाच्या आत तुझ्या दारात असेन.

तुझे,
आण्णा