'कागद' हा 'कागज'चा अपभ्रंश नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनाच्या पुरवणीत 'कागद' हे 'कागज'चे बिघडलेले रूप असल्याचे छापून आले आहे. ते चुकीचे आहे, कृपया दुरुस्ती छापावी.

शब्द फारसीतून आला, इथपर्यंत ठीक. पण फारसी लिपीत त्याच्या शेवटी 'झे' हे अक्षर नसते, 'झाल' हे असते. या अक्षराचा जुना उच्चार 'द'च्या जवळचा होता: जिभेचे टोक दातांना टेकवायचे आणि हवा अडवून न धरता घासत सोडायची. पुढे तो 'झ' झाला. सरळ 'दाल' या 'द'च्या अक्षराने लिहिलेले 'कागद'ही जुन्या फारसी-अरबीत सापडते. हिंदी-उर्दूत नंतरचा उच्चार रुळला (नागरीत तो 'ज'ने लिहितात), मराठीत 'द' राहिला.

एकाच शब्दावर असा निष्कर्ष काढू नये, म्हणून आणखी दोन पाहा. उर्दूत 'गुजश्ता', आपल्याकडे 'गुदस्ता', म्हणजे गेल्या वर्षी. हिंदीत 'गुजरना', आपल्यावर प्रसंग 'गुदरतो'. मूळ अक्षर तेच 'झाल'. 'गुजराण' मात्र 'ज' घेऊन आली. एकाच मुळातले शब्द वेगवेगळ्या वेळी उसने घेतले की असे होते. शेजारीही तपासावेत. कन्नडमध्ये 'कागद', तेलुगूत 'कागितं', तमिळमध्ये 'कागिदम्'. बंगाली, नेपाळीत 'कागज'. दौलताबादेजवळ कागझीपुरा आहे आणि आपल्या कसबा पेठेत कागदीपुरा. कागद बनवण्याचा धंदा एकच, अक्षर वेगळे.

फारसीच्याही मागे हा शब्द मध्य आशियातल्या सोग्दी व्यापाऱ्यांच्या भाषेत होता. त्यांची चौथ्या शतकातली, कागदावर लिहिलेली पत्रे 1907 साली पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइन यांना चीनमधल्या तुन-हुआंगजवळ सापडली. त्याआधी तो चिनी शब्दापासून निघाला का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

संस्कृत कोशात 'कागद' सापडतो म्हणून तो संस्कृत, असेही काही जण सांगतात. कोशात उशिरा शिरलेले उसने शब्दही असतात. आपल्याकडे आधी लिहीत ते भूर्जपत्रावर आणि ताडपत्रावर. इंडोनेशियातला कागदासाठीचा शब्द 'कर्तास'ही नुसत्या 'क'वरून यात ओढू नये. तो अरबी 'किर्तास'चा, आणि तो मुळात ग्रीक.

मोडी शिकणाऱ्यांसाठी एक गोष्ट महत्त्वाची. जुन्या पत्रव्यवहारात 'कागद' म्हणजे बहुधा पत्र. 'कागद पावला' याचा अर्थ पत्र मिळाले, कोरा कागद पोचला असा नव्हे. गुजराती 'कागळ' आणि कन्नड 'कागद' आजही पत्राला चालतात. बंगालीत 'कागज' म्हटले की वर्तमानपत्रही होते.

आपला,
एक वाचक, शनिवार पेठ, पुणे