एसडीएन यंदा नको असं माझं मत

प्रिय मंदार,

तुझा मेल परवाच वाचला, पण नुसतं घे किंवा नको एवढं लिहून भागणार नव्हतं म्हणून आज निवांत बसलोय. तुमच्या कॉलेजात तीन बिल्डिंग, साठेक स्विच, तेही वेगवेगळ्या कंपन्यांचे, सांभाळायला तू नि एक असिस्टंट, आणि व्हेंडर म्हणतोय सगळे स्विच काढा, कंट्रोलर (सगळ्या स्विचना एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर) बसवा, म्हणजे एसडीएन, सॉफ्टवेअर-डिफाइन्ड नेटवर्किंग घ्या. माझं सरळ मत, यंदा नको.

अरे एसएनएमपी, म्हणजे स्विचवर लांबून नजर ठेवायचा प्रोटोकॉल, 1988 पासून आहे, त्यावर आपण ग्राफ बघतो, अलर्ट घेतो, पण बदल करायचा म्हटलं की स्विचवर लॉगिन करून कमांडच मारतो. तुझा खरा त्रास तिथेच आहे. परीक्षेच्या लॅबसाठी ट्रंकवर (अनेक व्हीलॅन वाहून नेणारी लिंक) नवीन व्हीलॅन (त्याच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) टाकताना सिस्कोच्या कमांडमध्ये 'अ‍ॅड' राहिलं की आधीची सगळी यादी जाते, नवीन तेवढा उरतो आणि अख्खा मजला बंद. हे टाळायला कंट्रोलर लागत नाही रे. ऑक्सिडाइज्ड लाव, ते टूल सगळ्या स्विचचे कॉन्फिग (सेटिंग्ज) उचलून गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवतं, काल रात्री कुठली ओळ बदलली ते लगेच दिसतं. मग व्हीलॅन अ‍ॅन्सिबलच्या टेम्प्लेटमधूनच टाकायचे (ते टूल ठरलेली मांडणी स्विचवर आपोआप टाकतं), आधी चेक मोडमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता, चालवून बघायचं. फुकट आहे सगळं, फक्त बसून शिकावं लागेल.

एसडीएन मला मनापासून आवडतं हं. स्विचने पॅकेट पुढे पाठवायचं, कुठून जायचं ते बाहेरचं सॉफ्टवेअर ठरवणार. स्टॅनफर्डवाल्यांनी 2008 मध्ये ओपनफ्लो, म्हणजे कंट्रोलरने स्विचला सूचना द्यायचा प्रोटोकॉल, मांडलं आणि 2013 मध्ये गूगलने त्यांची डेटा सेंटर जोडणाऱ्या बी4 नेटवर्कवर पेपर लिहिला, एरवी वॅन (लांबच्या ठिकाणांना जोडणारं नेटवर्क) लिंक सरासरी 30-40 टक्के वापरतात तिथे यांच्या बऱ्याच लिंक जवळपास 100 टक्के चालत होत्या. पण ते जमलं कारण सर्व्हर त्यांचे, अ‍ॅप्लिकेशन त्यांची, स्विचसुद्धा स्वतः बनवलेले, त्यामुळे कुठला डेटा थोडा थांबला तरी चालेल हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्याकडे मुलांचे मोबाईल, प्रिंटर, सीसीटीव्ही, आणि बदल महिन्यातून दोन-चार.

शिवाय 4 ऑक्टोबर 2021 आठवतोय ना, मेंटेनन्सच्या वेळी दिलेल्या एका कमांडने फेसबुकचा अख्खा बॅकबोन, म्हणजे डेटा सेंटर जोडणारं मुख्य नेटवर्क, तुटला, अशी कमांड अडवणाऱ्या टूलमध्येच बग होता, सहा तासांच्या आसपास सगळं ठप्प. ते एसडीएनमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण एका जागेवरून सगळीकडे बदल करायची सोय घ्यायची तर तपासणारी माणसंही लागतात, आणि तुम्ही दोघंच.

तरी मॅनेजमेंटने आग्रह धरलाच तर व्हेंडरकडून लेखी घे: कंट्रोलर बंद पडला तर चालू ट्रॅफिकचं काय, लायसन्स संपलं तर काय, कॉन्फिग बाहेर काढता येतो का. आणि जुने स्विच बदलायला येतील तेव्हा नेटकॉन्फ (सॉफ्टवेअरमधून कॉन्फिग बदलायचा प्रोटोकॉल) आणि यांगचा (त्या कॉन्फिगची मांडणी ठरवणारी भाषा) सपोर्ट असलेलेच माग, म्हणजे पुढे कंट्रोलर घ्यायचा रस्ता मोकळा राहतो. नवीन हॉस्टेल उभं राहिलं, रोजचे बदल वाढले, की परत बोलू.

स्विचची यादी नि कोटेशन पाठव, रविवारी फोनवर बसू.

तुझा,
निखिल