फियाट, मारुती आणि एकच जागा

बोरिवली, मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुनर्विकासानंतर नव्या इमारतीत आपल्याला गाडीसाठी एकच जागा मिळणार असल्याचे बाबांनी परवा फोनवर सांगितले आणि फियाट ठेवून मारुती भंगारात द्यायची, हेही लगोलग ठरवून टाकले. त्याविषयी मला मनापासून काही सांगायचे आहे.

1984 सालची आपली फियाट, म्हणजे पद्मिनी, मलाही प्रिय आहे. ती कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली, आपल्या मुंबईची गाडी. 2023च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या, तेव्हा बाबा, तुमचा आवाज भरून आला होता. पण खंडाळ्याच्या घाटात ती तापायची आणि पावसाळ्यात मिलन सबवेच्या पाण्यात हटकून बंद पडायची. मग तुम्ही डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसत बसायचा आणि आई तुमच्या डोक्यावर छत्री धरून स्वतः भिजत उभी राहायची.

आई, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा तो गियर आणि ते जड स्टिअरिंग यांच्यापुढे तू दोनदा शिकणे सोडून दिलेस. 2001 साली मारुती 800 आली. इंजिन 1089 सीसीऐवजी 796चे, सिलिंडर चारऐवजी तीन, चढावर जोर कमी. पण गाडी हलकी, आणि कार्ब्युरेटर नसल्यामुळे सकाळी चोक ओढत बसायला नको. तुझ्या 46व्या वर्षी तू लायसन्स काढलेस आणि पुढे दोन वर्षे आजीला डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा पार्ल्याहून अंधेरीला तूच नेलेस. पूर्ण पुढे ओढलेली ती सीट आणि पाठीशी जुन्या साडीची तू शिवलेली उशी अजून तशीच आहे. बाबा, फियाटचे आपण कौतुक केले. मारुतीचे कधी केलेच नाही.

म्हणून माझी विनंती आहे की, त्या जागेवर मारुती राहू द्यावी. फियाट मी इकडे आणते. आमच्या सोसायटीत छपराखाली जागा आहे, आणि रविवारी तिचे बोनेट उघडायला बाबांनी यावे. मारुतीची नोंदणी 2026मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल. हरित कर, तपासणी आणि आरटीओच्या खेपा माझ्याकडे लागल्या.

आई, तोवर किल्ली कोणाला देऊ नकोस.

तुमची,
मनू