दात खाणाऱ्या पेशंटचं पत्र

डॉक्टर मॅडम,
नमस्कार.

मार्चएंडच्या धांदलीत तुमच्याकडे आलो, तेव्हा डाव्या दाढेचं रूट कॅनाल करायचंच असं धरून आलो होतो. आधीच्या दवाखान्यात तसंच सांगितलं होतं. त्या दाढेतलं सिमेंट दोनदा निघालेलं, गार पाणी झोंबायचं, सकाळी उठलं की कानशिलं ठणकायची. सासूबाईंचं निदान वेगळंच: झोपेत दात खातात म्हणजे पोटात जंत! वयाच्या ४६व्या वर्षी मी जंताची गोळीही घेतली. आवाज काही थांबला नाही.

तुम्ही मशीन हातात घेतलंच नाही. एक्स-रे पाहिला, दाढेला गारवा लावून पाहिला आणि म्हणालात, "नस चांगली आहे. दाढ किडलेली नाही, झिजलीय." मग "दात घट्ट दाबा" म्हणून गालांवर बोटं ठेवलीत, कानशिलं चाचपलीत, तोंड किती उघडतं ते पट्टीने मोजलंत. आरसा देऊन जिभेच्या कडेवरचे दातांचे ठसे आणि गालाच्या आतली पांढरी रेघ दाखवलीत. इतकी वर्षं माझंच तोंड, पण मी ते कधी पाहिलं नव्हतं.

मग हिला आत बोलावलंत. मोबाईलवरचं रेकॉर्डिंग तिने ऐकवलं, जात्यावर डाळ भरडल्यासारखं. हसला नाहीत. घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, दिवसा डुलक्या येतात का, मनाच्या आजाराची एखादी गोळी चालू आहे का, असं विचारलंत. शेवटच्या प्रश्नावर ही जरा बिचकली. अशा काही गोळ्यांनीही दात खाणं वाढतं, हे तुम्ही सांगितल्यावर तिला हायसं वाटलं.

दातांचं माप देताना मला उमासे आले, त्याबद्दल आजही ओशाळतो. रात्री दातांवर लावायची ती कडक, पारदर्शक पट्टी हातात देताना तुम्ही स्पष्ट सांगितलंत, "याने सवय जाईलच असं नाही. दात वाचतील." बँकेत बसून फायद्या-तोट्याचा हिशेब मला चांगला कळतो. रूट कॅनाल आणि वर कॅप, यात तुमची कमाई जास्त होती.

दिवसाचं औषध मात्र फुकट दिलंत: ओठ मिटलेले, दात सुटे. मॉनिटरच्या कोपऱ्यावर लाल टिकली लावलीय. ती दिसली की जबडा सैल सोडतो. दिवसाही मी दात आवळून बसतो हे या टिकलीनेच कळवलं, विशेषतः कॅश जुळत नसेल तेव्हा. तुम्ही सांगितल्याप्रमाणे संध्याकाळचा चहा सुटलाय. तंबाखूचं अजून खरं सांगवत नाही.

कानशिलं आता क्वचितच ठणकतात. मागच्या तपासणीत तुम्ही पट्टी उजेडात धरून तिच्यावरचे ओरखडे दाखवलेत, तेव्हा हे माझ्या दाढांवर पडले असते या विचाराने पोटात गोळा आला होता. तुमचे आभार तेव्हाच मानायचे होते, पण तोंडात तुमची बोटं होती.

पुढच्या महिन्यात पट्टीच्या डबीसकट येतो. सासूबाईही येतायत, कवळी ढिली झालीय.

आपला,
डाव्या दाढेचा पेशंट